पिकअपवाल्या दादांना, जाहीर आभार

दादा, नमस्कार.

नाव लिहीत नाही. चारचौघांत कुणी कौतुक केलं की तुम्ही लगेच विषय बदलता. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुम्ही शिकवलेलं आणखी कुणाच्या तरी कामी येईल.

मोटरसायकल पिकअपमध्ये चढवायची म्हटलं की जो तो एकच उपाय सांगतो, 'चार जणांना बोलवा आणि टाका उचलून.' आमचीही तीच तयारी चालली होती. तुम्ही केबिनमधून उतरलात आणि बाइककडे न बघता आधी जमीन बघितलीत. मग पिकअप मागे-पुढे करून अशी लावलीत की मागची चाकं खोलगट जागेत गेली. हौदा वीतभर खाली आला. हँडब्रेक ओढलात, चाकांना दगड लावलेत आणि म्हणालात, 'अर्धं काम झालं.'

हे अर्धं काम कसं, ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. हौदा जमिनीपासून 80 सेंटीमीटर आणि बाइक चढवायची फळी 1.6 मीटरची असेल तर चढ 30 अंशांचा होतो. 150 किलोची गाडी तिथे नुसती धरून ठेवायलाच 75 किलोंचा जोर लागतो. फळी 2.4 मीटरची घेतली तर तो 50 वर येतो, आणि हौदा 20 सेंटीमीटर खाली आला की 38 च्या आसपास. शिवाय फळी लांब असली की पुढचं चाक हौद्यात गेल्यावर इंजिनाचं पोट आणि सायलेन्सर फाळक्याच्या कडेवर घासत नाही. हे गणित तुम्ही कधी मांडलं असेल असं वाटत नाही, पण तुमच्या नजरेत ते आहे.

फळी तुम्ही नुसती टेकवली नाहीत, पट्ट्याने पिकअपला जखडून टाकलीत. 'पुढचं चाक चढताना काही होत नाही. मागच्या चाकाने जोर धरला की फळी मागे लाथ मारते,' असं तुम्ही सांगितलंत. बाइकवर बसून वर न्यायची परवानगी तर कुणालाच नव्हती. वर गेल्यावर पाय टेकायला खाली जमीन नसते, एवढंच तुमचं म्हणणं, आणि त्यावर कोण काय बोलणार?

आता क्लचबद्दल. सगळ्यात जास्त ऋणी मी त्यासाठी आहे. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकायला लावलात. मी डावीकडे, माझ्या पायांसाठी शेजारी दुसरी फळी. दोघं जण मागच्या बाजूंनी ढकलणार, बाइकच्या बरोबर मागे कुणीही उभं राहायचं नाही. क्लच दाबून वर चढवायची आणि थांबायचं झालं की क्लच सोडायचा. ब्रेकचं नाव नाही! मध्यावर तुम्ही मुद्दाम थांबवलंत आणि पुढचा ब्रेक दाबून बघायला सांगितलंत. चाक जागच्या जागी अडकलं, पण गाडी तशीच इंचभर मागे घसरली. चढावर भार मागच्या चाकावर जातो, पुढचं हलकं होतं, मग नुसतं ते रोखून काय धरणार? क्लच सोडला आणि मागचं चाक खिळ्याने ठोकल्यासारखं थांबलं. माणूस घाबरला की त्याच्या दोन्ही मुठी आवळल्या जातात, आणि इथे वाचायचं तर डावी मूठ उघडावी लागते. हे हाताला आधीच माहीत असायला हवं. मला ते तिथे, त्या फळीवर कळलं.

बांधणीत तुमची घाई पार संपते. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या पत्र्याला टेकवलंत. कापडी पट्ट्याचे फास हँडलच्या मुठींना न घालता खाली टी-ला, म्हणजे पुढचे शॉकअप धरणाऱ्या जोडाला, घातलेत आणि पट्टे पुढे, बाहेरच्या बाजूला, खाली ओढलेत. थोडा डावा, थोडा उजवा, आळीपाळीने. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबले तिथे रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची दातेरी कळ, थांबवलीत. पुरते दाबले तर ऑइल सीलवर विनाकारण ताण येतो आणि सैल सोडले तर पहिल्याच खड्ड्यात हुक निसटतो. साइड स्टँड वर घ्यायला लावलात तेव्हा मी बघतच राहिलो. पण तुमचं बरोबर होतं: स्टँडवर उभी गाडी हिसक्याने एका बाजूला दबते, पट्टा ढिला पडतो आणि सगळा भार त्या एवढ्याशा स्टँडवर येतो. मागचे दोन पट्टे फक्त शेपूट इकडेतिकडे उडू नये म्हणून. पट्ट्यांची लोंबती टोकंसुद्धा तुम्ही गाठ मारून खोचलीत. मला वाटलं टापटीप, पण मोकळं टोक वाऱ्याने फडफडून चाकात जाऊ शकतं.

थोडं अंतर गेल्यावर थांबून तुम्ही पट्टे पुन्हा तपासलेत. डावा खरंच एक घर सैल झाला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, रॅचेट ओढलंत आणि निघालात.

उतरवतानाही तीच रीत: मागचं चाक आधी, इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत. तुम्ही नुसते बाजूला उभे होतात, हात खिशात. हात खिशात ठेवलेत त्याबद्दल वेगळे आभार, तुम्ही पुढे झाला असता तर मी शिकलो नसतो.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून जमत नाही. प्रवासात बाइक गिअरमध्ये ठेवायची असं तुम्ही म्हणता, मला न्यूट्रल बरं वाटतं, हिसके चेनवर आणि गिअरवर येऊ नयेत म्हणून. पुढच्या वेळी भेटलो की यावर भांडू.

आपला,
बाइकवाला