खांद्यावरच्या गुलाबी पट्टीबद्दल

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर

प्रिय शुभे,

तुझा फोटो बघून आधी हसूच आलं. दुखऱ्या खांद्यावर गुलाबी पट्ट्यांची नक्षी, चारही कोपरे उचकटलेले, आणि खाली प्रश्न, "ही लावून मालवणच्या चिवल्याला समुद्रातल्या शर्यतीत उतरू का?" लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरवायचे आपल्याला, आठवतंय? डब्याची दोरी काखेत काचायची. त्या काचण्याचीच आठवण झाली. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

ही टेप, किनेसिओ टेप म्हणतात तिला, मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिली, २००८ साली. बीजिंग ऑलिंपिकला आपला वीरधवल खाडे पोहत होता, म्हणून आमच्याकडे टीव्ही बंदच होत नव्हता. तेव्हा बीच व्हॉलीबॉलमधल्या केरी वॉल्शच्या खांद्यावर काळ्या पट्ट्यांचं कोळ्याचं जाळं दिसलं. मला वाटलं, गोंदवून घेतलंय. ती टेप केंझो कासे नावाच्या जपानी माणसाने १९७० च्या दशकात काढली, हे पुष्कळ नंतर कळलं. सुती कापड, मागे गोंद, आणि लांबीकडे ताणली जाईल असं लवचीक. औषध वगैरे काही नसतं त्यात. गुलाबी गरम आणि निळी थंड असं तुला दुकानदाराने सांगितलं असेल, तर तो फक्त रंगाचा फरक आहे.

माझं पहिलं टेपिंग म्हणजे फजितीच होती. खांदा दुखत होता, टँकवरच्या एका मुलीने शॉवरखालून निघालेल्या ओल्या अंगावरच पट्टी डकवून दिली. त्यात मी सकाळी खोबरेल चोळून आलेली. दुसऱ्या लॅपला पट्टी सुटली आणि मेलेल्या सापासारखी लेनमध्ये तरंगायला लागली. जीवरक्षकाने पानं काढायच्या जाळीने ती काढली आणि "मॅडम, तुमची आहे का?" म्हणून सगळ्यांदेखत विचारलं. पुढच्या वेळी जिद्दीने इतकी ताणून लावली की टोकांपाशी कातडीला बारीक फोड आले. वर ती ओढून काढली! आठवडाभर ब्लाउजची बाही सोसवत नव्हती.

तुझ्या फोटोत हेच दोन्ही घोळ दिसतात. तेव्हा आधी आतल्या मनगटाजवळ बोटभर तुकडा लावून एक दिवस थांब, खाजतंय का बघ. मग अंग साबणाने धुऊन, टिपून, पूर्ण कोरडं कर. तेल नको, क्रीम नको. कोपरे कात्रीने गोल काप, टोकदार कोपरा कपड्याला अडकून पहिला उचकटतो. दोन्ही टोकांची दोनेक इंच पट्टी अजिबात न ताणता ठेवायची, ताण फक्त मधे आणि तोही नावापुरता. लावल्यावर तळहाताने चोळायची, त्या उबेने गोंद धरतो. पाण्यात उतरायच्या तासभर आधी हे सगळं उरकलेलं असावं. पोहून आल्यावर टॉवेलने घासू नकोस, टिपून घे. काढताना मात्र खोबरेल हवंच. तेल मुरू दे, कातडी एका हाताने दाबून धर आणि पट्टी सावकाश मागे दुमडत ने. पहिल्यांदा फिजिओकडूनच लावून घे, कारण मागच्या बाजूला आपला हात पोचत नाही आणि तुझ्या अहोंना लाव म्हणालीस तर पाकिटाला चिकटपट्टी लावल्यासारखी लावतील.

आता उपयोग किती? खरं सांगते, थोडा. २००८ सालचाच खांदेदुखीवरचा एक अभ्यास आहे. ४२ तरुण विद्यार्थी, काहींना खरी टेप, काहींना नुसती दाखवायची. खऱ्या टेपवाल्यांचा हात टेप लावल्या-लावल्या न दुखता जास्त वर गेला, सरासरी १७ अंशांच्या आसपास. पण दुखणं काही दोन गटांत वेगळं निघालं नाही, आणि पुढच्या दिवसांत हाताच्या हालचालीतला फरकही टिकला नाही. २०२१ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे वैद्यकीय अभ्यास गोळा करून पारखणाऱ्या संस्थेने, अशा २३ चाचण्या एकत्र तपासल्या, तरी ठाम म्हणावं असं काही हाती लागलं नाही. माझ्यापुरतं म्हणशील तर मी पोक काढून बसले की पट्टी पाठीवर ओढली जायची आणि मी आपसूक सरळ व्हायचे. माझ्या सासूबाई हेच काम फुकट करायच्या.

दुखणं तर तू स्वतः ओढवून घेतलंयस. दिवाळीनंतर अंतर एकदम एक किलोमीटरवरून दोनवर नेलंस, वर हाताला पॅडल्स, त्या पाणी जोरात ओढायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या. हिशोब कर. २५ मीटरचा टँक, दोन किलोमीटरला ८० लॅप, लॅपला वीस हात धरले तर एकेका खांद्याला ८०० फेरे. खांद्याचं हाडाचं छप्पर आणि त्याखालचा गोळा यांच्या फटीतून एक स्नायुबंध जातो. पाठीवरचं पातं धरून ठेवणारे स्नायू दमले की ती फट आवळते आणि तो बंध दर फेऱ्याला चिमटतो. त्यात तुझा हात अंगठा खाली करून पाण्यात शिरतो आणि डोक्यापुढे मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो, हे मी गेल्या मे महिन्यातच सांगितलं होतं. ते टेपने कसं सुटणार?

पॅडल्स पिशवीत टाक. अंतर पुन्हा एकावर आण. हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी. श्वास दोन्ही बाजूंनी, कितीही पाणी नाकात गेलं तरी. आणि दाराच्या कडीला रबर बँड बांधून, कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा व्यायाम रोज. कंटाळवाणा आहे, मला माहीत आहे. माझा खांदा त्यानेच सुधारला, दोन-अडीच महिन्यांनी.

एका गोष्टीची मात्र मला काळजी आहे. तुझं वय पन्नास, त्यात साखर. अशा बायकांचा खांदा आखडतो आणि तो पोहण्याने आखडलाय असं वाटत राहतं. कोपर कमरेला ठेवून दुसऱ्या कुणालातरी तुझा हात हळूच बाहेर वळवायला सांग. त्यालाही वळवता आला नाही, किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर टेप-बिप राहू दे आणि हाडांच्या डॉक्टरला दाखव. उद्याच.

आणि चिवल्याच्या आयोजकांना आधी फोन कर. टँकमधल्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वैद्यकीय समितीच्या मान्यतेशिवाय अंगावर टेप चालत नाही. समुद्रात इथे काय धरतात ते त्यांनाच विचार, ऐनवेळी किनाऱ्यावर सोलत बसायची वेळ नको.

रविवारी कुणाला तरी टँकच्या टोकाला उभं करून तुझे चार लॅप समोरून मोबाइलवर काढ आणि पाठव. पट्टी न लावता. काकूंना नमस्कार सांग, आणि तो डबा अजून माळ्यावर आहे का, तेही विचार.

तुझीच,
मंजू