उजाड म्हणता तो माळ उजाड नसतो हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या पानावर फोटोसकट बातमी होती, 'उजाड माळावर फुलणार हिरवाई', फोटोत शंभर दीडशे माणसं, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट आणि हातात एकेक रोप. मला हसू यायला हवं होतं पण आलं नाही, कारण तसाच टी-शर्ट घालून तसाच फोटो मीही काढून घेतलाय. २०१९ चा जुलै होता. त्या वर्षी सरकारचं ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, (२०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि मग एकदम ३३, चढता आलेख बघा) आणि आमच्या ऑफिसनंही त्यात आपला वाटा उचलायचा असं वरून ठरलं. बसमधून नेलं, नाश्ता दिला, खड्डे आधीच जेसीबीनं काढलेले होते, आम्ही फक्त रोप ठेवून माती लोटायची आणि फोटो काढायचा.

तिथं एक म्हातारे मेंढपाळ आले, डोक्याला लाल मुंडासं, काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग मलाच म्हणाले, "साहेब, चांगलं करताय, पर हितं तुमी खड्डं काढल्यावर पावसात मेंढरं न्यायची कुठं?" मी काहीतरी सटरफटर बोललो, पर्यावरण, ऑक्सिजन वगैरे. ते हसले आणि गेले. आता मी स्वतः माण तालुक्यातला, आमच्या घराच्या मागं अर्ध्या फर्लांगावर माळ सुरू होतो, लहानपणी तिथं बोरं खाल्लीत, कुसळं पायजम्यातून काढलीत, आणि तरी मला त्या माणसाला सरळ उत्तर देता आलं नाही याची लाज अजून वाटते.

मुद्दा असा आहे की आपल्याला झाड दिसलं की निसर्ग दिसतो आणि झाड नसलं की काहीच दिसत नाही. सरकारी कागदात पण तेच, माळरानं 'पडीक जमीन' म्हणून मोजली जातात, ही सवय इंग्रजांच्या काळापासूनची, ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. पण माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली जागा असं सगळीकडे नसतं. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात सह्याद्रीच्या आडोशाला पाऊस कमी, खाली मुरूम, वर वीतभर माती, अशा ठिकाणी गवत आणि मधेमधे हिवर, बोर, बाभूळ, तरवड हेच शेकडो वर्षं चालत आलंय. २०२५ मध्ये काही संशोधकांनी जुनं मराठी साहित्य आणि लोकगीतं धुंडाळून त्यात कुठली झाडं आणि कसा प्रदेश येतो ते तपासलं, तर आजच्यासारखाच काट्याकुट्याचा गवताळ मुलूख निघाला. म्हणजे आपल्या पूर्वजांना तो दिसत होता, आपल्यालाच दिसेनासा झाला.

आता हा माळ टिकतो कसा ते बघा, मला तरी हे फार उशिरा कळलं. गवताला डोक्यावर सरळ ऊन लागतं, सावलीत पवन्या नि मारवेल तग धरत नाहीत. मेंढरं, चिंकारा, काळवीट येऊन वरचा शेंडा खातात, पण गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो म्हणून ते परत फुटतं, झाडाचं रोप मात्र शेंडा खाल्ला की बसतं. म्हणजे चरणारं जनावर गवताचा शत्रू वाटतं पण एका अर्थानं तेच गवताला जागा राखून देतं. अतिच चरलं तर जमीन उघडी पडते हे खरं, आणि म्हणूनच आपल्या धनगरांचं फिरणं महत्त्वाचं होतं. पावसाळ्यात कोरड्या मुलखात म्हणजे आमच्याकडे, दसरा दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, उन्हाळ्याच्या शेवटी परत. वाटेत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं, वाड्याला, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाला, धान्य मिळतं, आणि गवताला दम खायला वेळ मिळतो. या सगळ्यावर लांडगा, जो मेंढरू पळवतो म्हणून शिव्या खातो पण काळवीट आणि ससे पण आटोक्यात ठेवतो. कुणी बसून आखलेलं नाही हे, एकाच्या ओढीनं दुसरं जागेवर राहतं इतकंच, खाटेची सुंभ जशी असते तशी, एक पेड सैल सोडला की बसल्यावर कळतं.

आम्ही लावलेल्या रोपांचं काय झालं ते पण सांगतो. करंज, कडुनिंब, गुलमोहर पहिल्या उन्हाळ्यात गेले, टँकर दोनदा आला म्हणे. जगलं ते गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, पुण्याच्या टेकड्यांवर पण भरपूर लावलंय. वाढतं झपाट्यानं आणि ढोरंगुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून खात्यांना आवडतं, पण म्हणूनच ते माळावर कुणाच्याच कामाचं नाही, मेंढरांच्या नाही नि काळविटाच्या नाही. खाली सावली पडली की गवत विरळ होतं, गवत गेलं की नाकतोडे कमी, नाकतोडे कमी की चंडोल, तितर यांच्या पिलांचं खाणं कमी. शिवाय धाविक, माळटिटवी ही पाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यांची सगळी सुरक्षितता 'चारी बाजूंनी लांबवर दिसतं' यात असते. तिथं तुम्ही दर दहा फुटांवर कावळ्याला बसायला फांदी करून दिलीत तर दुसरं काय होणार.

याहून चक्रावणारी गोष्ट आपल्या साताऱ्याच्याच चाळकेवाडीची आहे आणि ती आपल्याच लोकांना फारशी माहीत नाही याचं मला नवल वाटतं. ठोसेघरच्या पुढे ते जांभ्या खडकाचं पठार, पवनचक्क्यांनी भरलेलं, आपण सगळे तिथं फोटो काढायला जातो. तिथं एक सरडा आहे, नराच्या गळ्याखाली निळा, काळा, केशरी असा पंखा असतो, मादीला दाखवायला तो उघडतो. २०१६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा आपला मराठी शब्दच घेतला, 'सरडा सुपर्बा'. तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि जवळचाच नसलेला भाग अशी तुलना केली, २०१८ मध्ये ते छापून आलं. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट निघाले. म्हणजे पात्यांच्या भागात घारी, ससाणे फिरकतच नाहीत फारसे. मग काय झालं, तर सरडे वाढले. इथवर कुणालाही सुचेल. पण पुढे ऐका, ते सरडे बारीक झालेले होते, कारण खाणारी तोंडं जास्त आणि किडे तेवढेच. त्यांच्या रक्तात ताणाचं रसायन कमी होतं, माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते, कारण पिढ्यान्‌पिढ्या जी सावली वरून झडप घालायची ती सावलीच राहिली नाही. आणि गळ्यावरचे रंग पण फिके पडले.

मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पवनचक्की सरड्याला हात लावत नाही, त्याचं बीळ बुजवत नाही, धूर सोडत नाही, नुसती फिरते, आणि खाली सरड्याच्या गळ्याचा रंग बदलतो! आता याचा अर्थ पवनचक्क्या पाडा असा काढू नका, वीज मलाही लागते, हे पत्र पण मोबाईल चार्ज करूनच टाईप करतोय. पण 'तिथं काय आहे, नुसता कातळ' असं म्हणून आपण जे काही उभं करतो ते कुठवर जाऊन पोचेल हे आपल्याला आधी सुचत नाही, आणि आता तर माळावर सोलरचे पत्रे येतायत एकरांवर एकर. तिथं कुणी आधी जाऊन काय मोजलंय का? लांडग्याचं पण तेच चाललंय. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतात, त्यावर कुत्री पोसली जातात, तीच लांडग्यात मिसळतात, पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकांच्या तपासणीत सिद्ध झालंय. कोंबडी टाकणाऱ्याच्या स्वप्नात तरी लांडगा होता का.

माळढोकाचं तर काय बोलायचं. १९७९ मध्ये सोलापूर नगर भागात अभयारण्य केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात शेतं आली, गावं आली, अख्खे बाजार आले, लोकांना जमीन विकता येईना, लोक त्या पाखराच्या नावानं बोटं मोडायला लागले. मग कमी करत करत १,२२२ वर आणलं. तोवर पक्षीच संपत आला होता. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते तेही जमिनीवर, आणि उडताना समोरचं नीट दिसत नसल्यामुळं विजेच्या तारांवर आदळतो. आधी अख्खा जिल्हा कागदावर राखीव आणि मग लोकांचा राग, यात त्या पाखराला लागणारं गवत आणि मेंढपाळ यांचा विचार कुणी केला असं मला तरी दिसत नाही. हे माझं मत आहे, वनखात्यातल्या काही चांगल्या माणसांना पटणार नाही.

कुणी म्हणेल हा माणूस झाडांच्या विरोधात आहे. नाही हो. झाडं जिथं होती नि आपण तोडली तिथं लावा की. रस्ता रुंद करताना वड, चिंचा गेल्या त्या कडेला लावा, घाटमाथ्यावर जंगल तुटलंय तिथं लावा, गावठाणात शाळेभोवती लावा, आणि माळावर लावायचीच तर चार हिवर, बोरी अशाच, त्याही त्या गावच्या मेंढपाळाला विचारून. पण त्यात टी-शर्टचा फोटो चांगला येत नाही ही अडचण.

परवा आखाडात गावी गेलो होतो, जाताना मुद्दाम वाट वाकडी करून त्या माळावर गेलो. उंदीरमारी डोक्याच्या वर गेलीय, तिच्या बुडाला गवत औषधाला नाही, आमची पाटी अर्धी गंजलीय आणि तिच्यावर एक खाटीक पक्षी बसून खाली काय हलतंय ते बघत होता. पलीकडं जिथं आम्ही पोचलो नव्हतो तिथं अजून हिरवं होतं, चंडोल वर जाऊन गात होता. मेंढरं मात्र कुठं दिसली नाहीत.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या वार्ताहराला त्या बातमीतल्या माळावर परत पाठवणार असाल तर कार्यक्रमाच्या दिवशी नको, एखाद्या साध्या दिवशी सकाळी सातच्या आत पाठवा आणि गाडी लांब उभी करायला सांगा. आणि दर पावसाळ्यात तिथं जो वाडा उतरायचा तो या वर्षी कुठं उतरला, तेवढं गावात विचारून यायला सांगा.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
माण, जि. सातारा (सध्या मुक्काम पुणे)