तक्रार पत्र: गाडी मी चालवत नव्हते, मागे बसले होते

कोल्हापूर
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
प्रवास विमा विभाग

विषय: व्हिएतनाममधील अपघाताच्या वैद्यकीय खर्चाचा दावा चुकीच्या कारणाने नाकारल्याबाबत

महोदय / महोदया,

पॉलिसी क्रमांक आणि दावा क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण पॉलिसी मला मराठीतच विकली गेली. राजारामपुरीतल्या तुमच्या प्रतिनिधींनी फॉर्म भरून घेताना ‘प्रवाशांची संख्या’ या रकान्यात एक लिहिलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, एकट्या जाताय म्हणूनच तर ही पॉलिसी पाहिजे. बिनघोर जावा. काय झालं तर कंपनी हाय की.” आमच्या घरात फिरायला जाताना विमा काढणं ही चैन समजली जाते, तरी मी हप्ता भरला. आईला तेवढाच धीर.

झालं ते असं. नोव्हेंबरमध्ये मी पाठीवर सॅक टाकून व्हिएतनामला गेले. उत्तरेला चीनच्या सीमेला लागून ‘हा जियांग’ नावाचा डोंगराळ मुलूख आहे, हनोईपासून सुमारे ३०० किलोमीटरवर. तिथून डोंग व्हान, मेओ व्हाक असा घाटरस्त्यांचा फेरा लोक दुचाकीवरून करतात. ज्याला स्वतः चालवायची नाही त्याला स्थानिक चालक मिळतो. गाडी त्याची, चालवणार तो, आपण मागे बसायचं. तिथे सगळे त्याला ‘ईझी रायडर’ म्हणतात. मी ईझी रायडर घेतला होता आणि त्याचे पैसे भरल्याची पावती दाव्यासोबत पहिल्याच दिवशी जोडली होती.

मला गाडी चालवता येत नाही असं नाही. एमएच ०९ ची गाडी घेऊन मी रोज हायवेवरच्या ट्रकांमधून शिरोली एमआयडीसी गाठते. पण आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीबद्दलच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो, आणि व्हिएतनाम मानतं तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. म्हणजे आपला परवाना तिथे खिशात असून नसल्यासारखा. भाड्याने गाड्या देणारे हे सांगत नाहीत, पासपोर्ट नाहीतर अनामत ठेवून घेतात आणि किल्ली हातात देतात. हॉस्टेलमधली कितीतरी पोरं तशीच चालवत होती. मी निघण्याआधी हे सगळं वाचलं होतं. विनापरवाना चालवताना काही झालं तर विमा हात वर करणार, हेही तेव्हाच वाचलं होतं, म्हणून जास्तीचे पैसे मोजून मागच्या सीटवर बसले.

आणि तुमचं नकाराचं पत्र काय म्हणतं? ‘विमाधारकाने वैध परवान्याशिवाय दुचाकी चालवल्यामुळे दावा अमान्य.’ नियम म्हणून हे बरोबर आहे. फक्त ते माझ्याबद्दल नाही, दुसऱ्याच कुणाबद्दल आहे.

मा पि लेंग खिंड ओलांडून आम्ही मेओ व्हाकहून परत डोंग व्हानकडे येत होतो. खाली खोल दरीत न्यो क्वे नदीची हिरवी रेघ, बाजूला उभे कातळ. एका वळणावर समोरून मालाचा ट्रक अंगावर आल्यासारखा आला, चालकाने गाडी कडेला घेतली आणि खडीवरून मागचं चाक सरकलं. वेग अगदी कमी होता. गाडी आडवी झाली, चालकाला फक्त खरचटलं, मी उजव्या हातावर पडले. मनगट कसं दिसत होतं ते लिहीत नाही, एक्स-रे तुमच्याकडे येऊन गेलाच आहे. त्या माणसाला इंग्रजीची चार वाक्यं येत असतील नसतील, पण त्याने नूडल्सच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, माझ्या हाताखाली धरला, स्वतःच्या रेनकोटच्या पट्ट्याने बांधला आणि येणारी एक गाडी थांबवून मला डोंग व्हानच्या सरकारी रुग्णालयात नेलं. एक्स-रे होईपर्यंत तो बाहेर बाकावर बसून होता.

तिथल्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं आणि हाड बसवायला हनोईला जायला सांगितलं. तुमच्या यादीतलं सगळ्यात जवळचं रुग्णालयही हनोईतच होतं, म्हणजे तिथून चारशे किलोमीटरहून लांब, जवळपास कोल्हापूर-मुंबई अंतर, त्यातही निम्मा घाट. मोडक्या हाताने स्लीपर बसमधून गेले. तिथे बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालावे लागतात. एका हाताने लेस सोडून बघा कधी. सॅकचा कमरेचा पट्टा एका अनोळखी जर्मन मुलीने लावून दिला आणि हनोईत दुसऱ्याच कुणीतरी सोडला. एक्स-रेची फिल्म दुमडू नये म्हणून सॅकमध्ये पाठीच्या बाजूला उभी ठेवली होती. ती फिल्म मी कोल्हापूरपर्यंत एकही सुरकुती न पडता आणली, आणि तुमच्या कार्यालयाने ती घडी घालून परत पाठवली आहे. त्याबद्दल वेगळी तक्रार करत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमच्या बाकीच्या हरकती.

‘२४ तासांत कळवलं नाही’ असं तुम्ही म्हणता. पॉलिसीच्या कार्डावर मदतीसाठी जो क्रमांक छापला आहे तो १८०० ने सुरू होणारा भारतातला टोल फ्री क्रमांक आहे. तो व्हिएतनाममधून लागत नाही. लावून दमले. परदेश प्रवासाच्या पॉलिसीवर परदेशातून न लागणारा क्रमांक छापायचा आणि फोन आला नाही म्हणून दावा नाकारायचा, हा कुठला न्याय? त्याच संध्याकाळी रुग्णालयातूनच मी तुमच्या मदत कक्षाला ईमेल केला. तुमचं आपोआप येणारं उत्तरही लगेच आलं, ‘आपला संदेश मिळाला’ म्हणून. माणसाचं उत्तर यायला पुढचा आठवडा उजाडला. दोन्ही ईमेल वेळेसकट जोडले आहेत.

दुसरी हरकत ठिकाणाची. मी फॉर्ममध्ये हा जियांग लिहिलं आणि रुग्णालयाच्या कागदावर तुयेन क्वांग आहे, म्हणून ‘घटनास्थळाबाबत विसंगती’. व्हिएतनामने १ जुलै २०२५ पासून प्रांतांची फेररचना केली आणि ६३ चे ३४ केले. त्यात हा जियांग तुयेन क्वांगमध्ये विलीन झाला. सरकारी कागदावर नवं नाव येतं, बसवाले, हॉस्टेलवाले आणि प्रवासी अजून जुनंच म्हणतात. परदेशातले दावे तपासणाऱ्या माणसाला एवढं शोधायला पाच मिनिटं लागली नसती. त्याऐवजी माझ्यावर खोटेपणाचा संशय घेतला गेला.

बिलाच्या रकमेचा खुलासा तर तुम्ही दोनदा मागितला. ‘एक कोटी चौदा लाखांचं बिल एका मनगटासाठी कसं?’ अहो, ते रुपये नाहीत, डोंग आहेत, व्हिएतनामचं चलन. तेव्हा एका रुपयाला २९० ते ३०० डोंग पडत होते. हनोईच्या रुग्णालयाचे १,१४,००,००० डोंग म्हणजे साधारण ३८ हजार रुपये आणि डोंग व्हानचे सरकारी दराचे चारेक हजार. बिलावर चलन छापलेलं आहे. पॉलिसीप्रमाणे पहिले १०० डॉलर माझे मला सोसायचे आहेत, ते मला मान्य आहेत, वजा करा. घरी आल्यावरच्या फिजिओथेरपीचा एक रुपयाही मी मागितलेला नाही, कारण तो पॉलिसीत बसत नाही हे मी वाचलं आहे. कागद वाचणं एवढं अवघड नसतं.

मग तुम्ही बिलांचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर मागवलंत. मी कसबा बावड्याला कोर्टाबाहेर नोटरींकडे गेले. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अक्षरं इंग्रजीच दिसत्यात, पण एक शब्द लागंना. काय लिवलंय ते कळल्याबिगर मी शिक्का कसा मारू?” त्यांचं बरोबर होतं. कोल्हापुरात व्हिएतनामी वाचणारं माणूस मला सापडलं नाही. शेवटी हनोईच्या रुग्णालयाला विनंती केली, त्यांनी त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजी बिल आणि डिस्चार्जचा कागद ईमेलने पाठवला, पैसे न घेता. तो मी तुम्हाला डिसेंबरमध्येच दिला. नकाराच्या पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

‘साहसी खेळ’ या कलमाचाही तुम्ही ओझरता आधार घेतला आहे. हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात माणसांनी डोंगर फोडून बांधलेला सार्वजनिक रस्ता आहे. त्यावरून शाळेची पोरं जातात, मक्याची पोती जातात, बाजाराला निघालेल्या बायका पाठीला टोपली बांधून जातात. हेल्मेट घालून मागच्या सीटवर बसून सरकारी रस्त्याने जाणं हा साहसी खेळ असेल, तर आमच्याकडे गगनबावड्याला दुचाकीवरून जाणारं प्रत्येक जोडपं खेळाडू म्हणायला हवं.

पण माझा खरा राग यातल्या कशावरही नाही. चुका होतात, कागद चुकीच्या माणसासमोर जातो. राग आहे तो तुमच्या त्या मागणीवर, जी तीन पत्रांत सलग आली: ‘विमाधारक चालक नव्हती हे सिद्ध करणारा सहप्रवाशाचा सहीनिशी जबाब सादर करावा.’ सहप्रवासी कुठून आणू? मी एकटी जाणार हे तुम्हाला हप्ता घेताना ठाऊक होतं. तुमच्याच फॉर्मवर तुमच्याच माणसाने एक लिहिलं. तुमच्या माहितीपत्रकावर पाठीवर सॅक घेतलेली एकटी मुलगी हसते आहे. विकताना एकटेपणा चालला आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तोच आडवा आला. बरोबर कुणी असतं तर मी ते लिहिलं असतं, आणि त्याचा हप्ताही तुम्ही घेतला असता.

तुमच्या फोनवरच्या प्रतिनिधीने तर मला विचारलं, “मॅडम, एकट्याच गेला होता? घरच्यांनी पाठवलं?” याचा दाव्याशी काय संबंध, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की फक्त नोंदीसाठी विचारतोय. ही कसली नोंद आहे, ती मला बघायची आहे. माझ्या वयाचा मुलगा असता तर हा प्रश्न आला असता का, याचं उत्तर मी तुमच्याकडे मागत नाही. मला ते माहीत आहे.

आणि पुरावा नाही असंही नाही. ईझी रायडरची पावती आहे. चालकाच्या परवान्याचा फोटो आहे. अपघाताच्या अर्धा तास आधी मी फोनवर घेतलेला व्हिडिओ आहे, त्यात पूर्ण वेळ चालकाच्या हेल्मेटची मागची बाजू आणि त्याच्या खांद्यावरून दिसणारा रस्ता आहे. चालवणाऱ्याला स्वतःच्या हेल्मेटची मागची बाजू दिसत नाही. ज्यांनी माझा दावा तपासला त्यांनी तो व्हिडिओ उघडला होता का, हे कृपया लेखी कळवा. डिस्चार्जच्या कागदावर ‘मोटारसायकल अपघात’ असं आहे, चालक म्हणून माझं नाव कुठेही नाही. मागे बसलेली माणसंसुद्धा मोटारसायकलच्या अपघातातच पडतात.

मी गोकुळ शिरगावला माल पाठवणाऱ्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. अजून उजव्या हाताने व्हर्निअर, म्हणजे माप घ्यायची पट्टी, नीट धरता येत नाही, तयार झालेला भाग डाव्या हाताने मोजते आणि दोनदा तपासते. कास्टिंग नाकारताना आम्हाला कुठलं माप किती चुकलं ते कागदावर लिहावं लागतं. ‘एकंदरीत योग्य वाटत नाही’ असं लिहून माल परत पाठवला तर मालक विचारतील. तुम्हीही दावा नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम आणि त्याचा माझ्या घटनेशी संबंध दाखवणं बंधनकारक आहे. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा नाकारण्याआधी तो दावा पुनरावलोकन समितीपुढे जावा लागतो. माझा गेला होता का? गेला असेल तर त्या निर्णयाची प्रत द्या.

माझी मागणी अशी आहे की दावा पुन्हा उघडून रुग्णालयाची दोन्ही बिलं, १०० डॉलर वजा करून, उशिराच्या नियमानुसार व्याजासह द्यावीत. त्याहून महत्त्वाचं, मी विनापरवाना गाडी चालवली ही नोंद तुमच्या दप्तरातून काढावी आणि काढल्याचं मला लेखी कळवावं. पुढे कुठलाही विमा काढताना आधी दावा नाकारला गेला होता का असं विचारतात. न केलेल्या गोष्टीचा डाग मी जन्मभर फॉर्मवर का लिहू? आणि कार्डावर परदेशातून लागणारा क्रमांक छापा, माझ्यासाठी नाही तर पुढच्या माणसासाठी.

तक्रारीच्या निवारणासाठी तुम्हाला १४ दिवसांची मुदत आहे. त्यात समाधान झालं नाही तर मी विमा नियामकाच्या ‘विमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर आणि मुदतीनंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. त्यानंतरही गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते तिथेच, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. तिथे यायला तुम्हाला प्रवास करावा लागेल, मला नाही.

पावती, चालकाच्या परवान्याचा फोटो, दोन्ही रुग्णालयांचे कागद, इंग्रजी बिल, ईमेलच्या प्रती आणि व्हिडिओची पेनड्राइव्ह पुन्हा एकदा जोडली आहे. पोहोच द्यावी. एक्स-रे या वेळी पाठवत नाही, पाहायचा असेल तर राजारामपुरीच्या तुमच्या कार्यालयात मी स्वतः घेऊन येईन आणि स्वतः परत नेईन. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर करावा, त्याआधी शॉपफ्लोअरवर काही ऐकू येत नाही. काही ठरलं तर मात्र ते ईमेलवरच कळवा.

आपली पॉलिसीधारक,
(सही, डाव्या हाताने)
राजारामपुरी, कोल्हापूर