बाबा, मी शिकवते, फक्त बोलते कमी

ती. बाबा आणि आई,

परवा फोनवर बाबा हसत हसत म्हणाले, "तू म्हणे हल्ली वर्गात शिकवतच नाहीस, पोरंच एकमेकांना शिकवतात", आणि आईने पटकन विषय बदलला म्हणून वाचलो, नाहीतर आपलं नेहमीसारखंच झालं असतं, बाबा मधेच "हो पण" म्हणणार आणि मी काय सांगत होते तेच विसरणार. म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. सावकाश वाचा, लांबलंय.

आधी हे सांगते की बाबा तुमची लेक्चर्स भारी होती, त्यात वादच नाही. तुमचे जुने विद्यार्थी भेटले की आजही तेच बोलतात. पण भेटून बोलणारे कोण असतात सांगा? ज्यांना तेव्हा कळलं ते. ज्यांच्या डोक्यावरून गेलं ते समोर दिसले तरी नजर चुकवून निघून जातात. आणि माझं डोकं सध्या त्या दुसऱ्या लोकांपाशी अडकलंय.

हार्वर्डला एरिक मझूर म्हणून फिजिक्सचे प्रोफेसर आहेत, तुमच्यासारखेच विद्यार्थ्यांचे लाडके, आणि त्यांची मुलं परीक्षेत अवघड अवघड गणितं सोडवायची. 1990 च्या सुमाराला त्यांनी वर्गाला न्यूटनच्या नियमांवरची एक चाचणी दिली, आकडेमोड अजिबात नाही, नुसते साध्या भाषेतले प्रश्न, म्हणजे मोठा ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा टाइपचे. तर कोणीतरी विचारलं की सर उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलं तसं की मला खरं वाटतं तसं? आणि निकाल बघून सरांची झोप उडाली, कारण फॉर्म्युले पाठ असणाऱ्यांची समज होती तिथेच होती. 1991 पासून त्यांनी तास बदलला. थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजारच्याला पटवायचं, मग परत उत्तर. ज्याला तुम्ही पोरंच शिकवतात म्हणता ते हे, माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाहीये.

आता माझ्या वर्गात ते कसं दिसतं ते सांगते. फर्स्ट इयरचा कॅलक्युलस. (आई, डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या जागी आलेखाला किती चढ आहे ते.) स्क्रीनवर प्रश्न: एखाद्या बिंदूला डेरिव्हेटिव्ह शून्य असेल तर तिथे फंक्शनची कमाल किंवा किमान किंमत असलीच पाहिजे, बरोबर की चूक? एक मिनिट सगळे गप्प, आपापलं लिहितात, मग मत देतात. अर्ध्याहून जास्त म्हणाले बरोबर. मी काहीच बोलले नाही, म्हटलं शेजारच्याला पटवा. मग जो गलका होतो तो बाबा तुम्हाला पाच मिनिटं सहन झाला नसता. मी बेंचांमधून फिरत ऐकत असते. एक मुलगा शेजारणीला वहीत डोंगरासारखा आलेख काढून दाखवत होता, बघ इथे चढतो, इथे सपाट होतो, इथून उतरतो, झालं की. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, बाजूला तसाच चढ काढला, सपाट केला आणि उतरवण्याऐवजी परत वर चढवला, आणि म्हणाली असं केलं तर? तो बघतच बसला. मग म्हणे, पण असं फंक्शन असतं का? तिलाही माहीत नव्हतं. दोघं शोधायला लागले आणि एक्सच्या घनापर्यंत येऊन पोचले, शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह शून्य आणि तरी कमाल नाही की किमान नाही. दुसऱ्या मतदानात बहुतेक वर्ग चूक या बाजूला आला. त्यानंतर मी फळ्यापाशी गेले आणि पाच-सात मिनिटं बोलले, आणि ती पाच-सात मिनिटं मुलं कानात प्राण आणून ऐकत होती. हेच मी आधी सांगितलं असतं तर वहीत उतरवून घेतलं असतं आणि पान उलटलं असतं.

तुम्ही म्हणाल दोघंही कोरेच असतील तर काय दिवे लावणार. मलाही तेच वाटायचं. पण कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत जेनेटिक्सच्या वर्गावर याचा नीट अभ्यास झाला, 2009 साली सायन्स मासिकात आला. चर्चेनंतर त्यांनी त्याच कल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला, आणि ज्या गटात सुरुवातीला कोणालाच येत नव्हतं तिथलीही मुलं सुधारलेली दिसली. आणि एकूणच म्हणाल तर 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि मंडळींनी सायन्स, इंजिनिअरिंग, मॅथ्स या विषयांच्या कॉलेजातल्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून बघितले होते. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गात सरासरी 33.8 टक्के नापास, मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गात 21.8 टक्के. म्हणजे शंभरातली बाराएक मुलं. मुलं तशीच, बदललं ते शिकवणं.

आई, आता तुझ्याबद्दल. तू एकदा म्हणाली होतीस आठवतंय, की कॉलेजात तुला बीजगणित कळत नव्हतं पण विचारायचं कोणाला आणि विचारलेलं चालतं का हेच माहीत नव्हतं, घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलंच नव्हतं. बाबा नेहमी सांगतात की माझ्या केबिनचं दार कायम उघडं असायचं, आणि ते खरंच असायचं, मी लहानपणी बघितलंय. पण आई तू त्या दारातून आत गेली असतीस का? नसतीस गेलीस. उघड्या दारातून तेच आत येतात ज्यांना आपण आत जाऊ शकतो हे आधीच माहीत असतं, आणि ते बहुतेक वेळा पासच होणार असतात.

याच्यावरची माझी सगळ्यात आवडती गोष्ट अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीची आहे. 1970 च्या दशकात यूरी ट्रिझमन म्हणून एक विद्यार्थी तिथे मॅथ्समध्ये पीएचडी करत होता. कॅलक्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास व्हायची आणि चिनी वंशाची मुलं चांगली पास व्हायची. प्राध्यापकांना विचारलं तर ठरलेली उत्तरं, त्यांना इच्छाच नाही, त्यांचा पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, पैसे नाहीत. हा पठ्ठ्या दोन्हीकडची वीस-वीस मुलं घेऊन महिनोन्महिने बघत राहिला की ही मुलं अभ्यास करतात कशी. तर ती चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास इमानदारीत अभ्यास करत होती, पण एकटी, खोलीत बसून. अभ्यास वेगळा, मित्र वेगळे. गाडी अडली की आपण एकटेच अडलोय असं वाटायचं. चिनी मुलं आधी एकटी करायची आणि मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची, कुठे आपलं चुकलं आणि कुठे सगळ्यांचंच अडलंय हे त्यांना कळायचं. आणि कच्च्या मुलांसाठी म्हणून जी जादा मदत ठेवलेली होती तिकडे कृष्णवर्णीय मुलं फिरकायचीच नाहीत, कारण ती आपापल्या शाळेतली हुशार मुलं, कच्च्यांच्या वर्गात का जाऊन बसतील?

मग त्याने काय केलं, तर उजळणी वर्ग नाही काढला. हुशारांसाठी म्हणून वर्कशॉप काढलं, गटात बसायचं, नेहमीपेक्षा अवघड गणितं. आणि नापासांचं प्रमाण धाडकन खाली आलं. मला यातली अवघड गणितं ही गोष्ट फार आवडते, कारण आपण दया दाखवायला जातो आणि सोपं करून ठेवतो.

तर मी मदत केबिनमधून उचलून तासात आणून ठेवलीय. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने पाच-पाचच्या गटाने माझ्याकडे यायचंच, सोडवलेलं एक गणित घेऊन, ते असाइनमेंटमध्येच धरलंय. एकदा आलं की दार कुठे आहे ते कळतं. दर आठवड्याला छोटी क्विझ, मार्क नावापुरते. ती काही घाबरवायला नाही हो, आठवायला लावलं की टिकतं म्हणून. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलंय की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे जातात. बाबा, तुम्ही आम्हाला जेवताना प्रश्न विचारायचात ते काय होतं, तेच.

आणि क्विझचा खरा फायदा म्हणजे कोण हातातून सुटतंय ते तिसऱ्या आठवड्यातच दिसतं, सहामाहीची वाट बघावी लागत नाही. लागोपाठ दोन क्विझ चुकल्या की मी स्वतः मेसेज टाकते. आधी ऑफिसचा जो ठरलेला मेसेज जायचा तो 'आपली उपस्थिती कमी आहे, नोंद घ्यावी' असा होता, तो वाचून आधीच घाबरलेलं पोरगं आणखी लांब पळतं. मी लिहिते, 'मंगळवारी दिसला नाहीस, सगळं ठीक ना? गुरुवारच्या गटात तुझी जागा आहे, तिसरं गणित सगळ्यांचंच अडलंय, तेवढं बघून ये.' सगळे येतात असं नाही. काही उत्तरही देत नाहीत. कोणाच्या घरी आजारपण असतं, कोणी रात्रपाळी करून तासाला येऊन डुलक्या काढत असतं, तिथे माझा कॅलक्युलस काय करणार, तिथे समुपदेशकाचा नंबर द्यायचा आणि असाइनमेंटला मुदत वाढवून द्यायची, एवढंच हातात असतं. पण 'सगळ्यांचंच अडलंय' या दोन शब्दांनी जेवढी मुलं परत आली तेवढी कुठल्या नोटिशीने आलेली मी बघितली नाहीत.

आता तुमचं "हो पण". पोर्शन पूर्ण होतो का? सगळा नाही होत वर्गात. काही सिद्धता मी घरी वाचायला देते आणि तासात त्यावर फक्त प्रश्न घेते. एक-दोन टॉपिक मी जाणूनबुजून पातळ केलेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण मी बोलून संपवलं म्हणजे त्यांचं शिकून झालं असं कुठे असतं. आणि मुलं खूश असतात का? सुरुवातीला अजिबात नाही! मॅडम शिकवत नाहीत ही तक्रार तुमच्या कानावर आली तशी माझ्या फीडबॅक फॉर्मवरही येते. हार्वर्डच्याच एका प्रयोगात, 2019 सालच्या, हेच दिसलं होतं, स्वतः सोडवायला लावलेल्या वर्गातली मुलं जास्त शिकली पण त्यांना वाटलं आपण कमी शिकलो, आणि गुळगुळीत लेक्चर ऐकलेल्यांना वाटलं आपल्याला सगळं कळलं. म्हणून मी पहिल्याच तासाला हा प्रयोग सांगून टाकते, की बाबांनो तुम्हाला गोंधळल्यासारखं वाटणार आहे, ते वाटू दे. त्याने कुरकुर जरा कमी होते, थांबत नाही.

आणि हो, सगळं काही सुरळीत चालत नाही. गटात एकजण सोडवतो आणि बाकीचे उतरवतात हा रोग आहेच. त्यावर उपाय म्हणून आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं ही अट मी कधीच सोडत नाही, आणि गटातून उत्तर कोण सांगणार ते मी ठरवते. प्रश्न विचारून गप्प उभं राहणं अजून जड जातं मला. मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात शाळांमधले तास तपासले होते, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि स्वतःच बोलायला लागतात, तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचार करून येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे किती ते वर्गासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, मी मनात मोजते, आई हसशील.

(मधे आम्हाला एक ट्रेनिंग झालं, त्यात मुलांचे डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे असे प्रकार पाडून तसं शिकवा म्हणाले. याला धड पुरावा नाही हे 2008 पासून छापून आलंय. दिवस गेला माझा.)

आता मुद्द्याचं काम, बाबा. या पद्धतीत सगळी मदार प्रश्नावर असते. सोपा असला तर चर्चा होत नाही, फार अवघड असला तर सगळे गप्प, साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचं पहिल्यांदा बरोबर यावं असा हवा. आणि चुकीचे पर्याय मनाने बनवून चालत नाहीत, मुलं खरोखर जिथे घसरतात तेच हवेत. माझ्याकडे त्याचा साठा फारच तोकडा आहे. तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत, आणि तुमची ती जाड वही आहे ना, ज्यात तुम्ही मुलांच्या गमतीदार चुका लिहून ठेवायचात आणि आम्हाला वाचून दाखवायचात, ती मला हवीय. लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्हची पानं आधी पाठवा, पुढच्या महिन्यात तेच सुरू होतंय, इंटिग्रेशन नंतर चालेल. आई, फोटो तू काढ, बाबांचे हलतात. आणि जिथे बाबांनी नुसतंच 'हा!' लिहून ठेवलंय तिथे मुलाने नेमकं काय केलं होतं ते त्यांना विचारून बाजूला लिही.

तुमची लेक