कुंडीत शेतातली नुसती काळी माती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की बाल्कनीतल्या बागेचे लेख सुरू होतात आणि 'कसदार माती घ्या' हे वाक्य त्यांत हमखास असते. परभणी, नांदेड, लातूरकडे कसदार म्हणजे काळी, म्हणून लोक शेतातून पोतेभर माती आणतात. कापूस-सोयाबीनला ती लाख चांगली. बारा इंची कुंडीत तीच झाड मारते.

ही माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कड सोडते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरते. आपल्याला वाटते भरपूर झाले, आणि मुळांभोवतीचा गोळा कोरडा ठाक! उलट झडीच्या दिवसांत चिखल हटत नाही, हवा न मिळून मुळे सडतात.

म्हणून काळी माती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मापाने सारखे घ्यावे. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते आधी दोनदा धुवावे. शेणखत हाताला गरम लागले किंवा वास आला, तर ते अजून कच्चे आहे. तळाशी खडीचा थर घालू नये. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच तुंबते. भोकावर खापराचा तुकडा पुरे.

पाण्याचेही तसेच. बोअरच्या जड पाण्याने कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता; युरिया टाकून ती जात नाही. लिटरला 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारावे, तेही पावसाच्या किंवा पिण्याच्या फिल्टरच्या शुद्ध पाण्यात. बोअरच्या पाण्यात ते तांबूस होऊन वाया जाते. आरओ फिल्टरच्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र कुंड्यांना घालू नये. काटकसर म्हणून ते सर्रास घातले जाते, पण त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. त्याने फरशी पुसावी.

एप्रिल-मेमध्ये टोमॅटोचा हट्टही नको. पारा चाळिशीपार गेला की फुले गळतात, खत घालून उपयोग नसतो. त्या दिवसांत राजगिरा, चवळी लावावी आणि पश्चिमेच्या उन्हातल्या कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळावे.

आपल्या सदरात मातीचे मिश्रण छापताना ते लाल मातीसाठी आहे की काळ्या, एवढे एक वाक्य जोडावे, ही विनंती.

– एक वाचक, परभणी