टीम कोण निवडतं का राव?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पोरांच्या फुटबॉल वेडावर जो लेख आलाय तो वाचून हे लिहितोय. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की आपली पोरं रात्र रात्र जागून इंग्लंडातल्या क्लबांसाठी रडतात हा निव्वळ देखावा आहे, कारण महाराष्ट्रात फुटबॉलला मुळंच नाहीत, आणि ज्या गावात आपण कधी पाय ठेवला नाही तिथल्या टीमवर आयुष्यभर प्रेम कसं काय बसणार. लेखकाचा अभ्यास चांगला असेल, पण ते कधी कोल्हापुरात सीझनमध्ये चार दिवस राहिलेले दिसत नाहीत, नाहीतर मुळं नाहीत असं लिहायला हात धजावला नसता.

मी शिवाजी पेठेतला. म्हणजे मी शिवाजी तरुण मंडळाचा, यात विचारायचं काय आहे? मला कोणी बसवून सांगितलं नाही की बाबा रे या टीमचा खेळ चांगला आहे, यांचा डिफेन्स बघ, मग ठरव. बारशाला नाव ठेवतात तेव्हा कोण विचारतं का पोराला. आमच्याकडं तालमी आधी कुस्तीच्या, मग तिथलीच पोरं फुटबॉल खेळायला लागली, आणि तालमीचं नाव तेच टीमचं नाव झालं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही नावं बाहेरच्याला क्लबची वाटतच नाहीत, पण केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये यांचीच मॅच असली की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसायला जागा मिळत नाही, दुपारच्या उन्हात टोपी नाही रुमाल नाही माणसं तशीच बसलेली असतात. त्याच तालमीचा गणपती, त्याच तालमीची शिवजयंती, मयतीला खांदा द्यायला तीच पोरं. मग ती टीम हरली म्हणून दुसरी धरा म्हणणं म्हणजे काय ते कोल्हापुरातल्या माणसाला समजणारच नाही.

आता माझी अडचण ऐका. आईचं माहेर मंगळवार पेठ. मामा पक्का पीटीएमवाला, पीटीएम म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतोय. उन्हाळ्याची सुट्टी आम्ही मामाकडं काढायचो आणि नेमका तेव्हाच सीझनचा शेवट, मोठ्या मॅचेस तेव्हाच. आजीच्या घरात मी एकटा शिवाजीवाला. मॅचच्या दिवशी सकाळी मामा ताटावर बसल्या बसल्या म्हणायचा, "भाच्या, आज पोटभर जेवून घे, संध्याकाळी घास उतरायचा नाही." आजी मामाला दम द्यायची आणि मला गुपचूप सांगायची की तुझीच जिंकू दे बाळा, आणि नंतर कळलं की ती मामालाही तेच सांगायची. आई? आई लग्नाआधी पीटीएम, लग्नानंतर काय ते तिनं आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. वडलांनी विचारून बघितलं, ती चहा ठेवायला उठली.

मामानंच मला पहिल्यांदा स्टेडियममध्ये नेलं, आणि स्वतःच्या लोकांत न बसता माझ्यासाठी शिवाजीच्या बाजूला येऊन बसला, हे त्या काळात सोपं नव्हतं हो, ओळखीचे लोक बघत होते. टायब्रेकरला आम्ही हरलो. मी रडलो नाही पण घशात काहीतरी अडकलेलं, आणि मामा जो सकाळपासून चिडवत होता तो एक शब्द बोलला नाही, येताना भेळ घेऊन दिली, घरी कोणाला स्कोअर सांगू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठवून मात्र असा चिडवला की विचारू नका. मला विचाराल तर माणूस क्लबचा होतो तो अशा दिवशी. जिंकलेल्या मॅचला सगळेच नाचतात, रस्त्यावरनं जाणारा पण नाचतो, पण हरल्यावर ज्याच्या पोटात दुखतं आणि तेव्हा शेजारी आपलं माणूस असतं त्याची सुटका नसते. नंतर नोकरीसाठी पुण्यात आलो, लग्न झालं, शहर बदललं, मोबाईलवर अजून पहिला मेसेज मामाचाच येतो आणि तो अजून हरलेल्या दिवशी एक रात्र थांबतो.

तर लेखातला पहिला मुद्दा, विदेशी क्लबवाली पोरं. त्यांची पेठ कुठली? माझं म्हणणं, त्यांना पण कोणीतरी दिलेलंच असतं, फक्त देणारा मामा नसून हॉस्टेलचा रूममेट असतो, नाहीतर शेजारचा दादा, नाहीतर त्या वर्षी घरात नुकतं आलेलं केबल. एक गंमत सांगतो, चाळिशी-पंचेचाळिशीचा माणूस मँचेस्टर युनायटेडवाला निघाला की समजायचं की 1999 ला हा शाळा-कॉलेजात होता, कारण त्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या कपाच्या फायनलला बार्सिलोनात जर्मनीच्या बायर्नविरुद्ध नव्वद मिनिटं संपल्यावर युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शायरनं दोन गोल मारले ते ज्यानं रात्री जागून बघितले तो परत आला नाही. त्यापेक्षा थोडा लहान असेल तर आर्सेनल, 2003-04 ला अख्खी लीग एकही मॅच न हरता काढली ती टीम. मग मेस्सीमुळं बार्सिलोना धरलेली पोरं. वयाचा दाखला मागायला नको, जर्सी बघा.

आणि तुम्ही म्हणाल जिंकणारी टीम बघून धरली हे काय प्रेम. बरोबर आहे, धरताना तसंच होतं, पण पुढचं बघा की. युनायटेडनं लीग शेवटची जिंकली 2013 ला, त्यानंतर वर्षानुवर्षं नुसते मॅनेजर बदलतायत, आर्सेनलवाल्यांनी 2004 नंतर वीस वर्षं दुसऱ्यांची लीग बघितली, किती लोक सोडून गेले सांगा. आमच्या ऑफिसात एक लातूरचा मित्र आहे, लिव्हरपूलवाला. 2005 ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल, हाफटाइमला मिलान 3-0 नं पुढं, मेसच्या टीव्हीसमोरची सगळी पोरं झोपायला गेली आणि हा एकटा राहिला, का तर झोप येत नव्हती म्हणून, बाकी काही कारण नाही. लिव्हरपूलनं तीन गोल फेडले, पेनल्टीवर कप नेला, आणि याचं आयुष्य गेलं कामातनं. लीग मिळायला याला 2020 उजाडलं, क्लबला तर 1990 पासून तीस वर्षं लागली, आणि मिळाली ती कशी तर लॉकडाऊनमध्ये, स्वतः न खेळता, चेल्सीनं दुसऱ्या नंबरवरच्या मँचेस्टर सिटीला हरवलं म्हणून. जूनच्या त्या रात्री पावणेतीनला हा गॅलरीत जाऊन ओरडला, सोसायटीला वाटलं कोणाला तरी ॲम्ब्युलन्स लागतेय. याला देखावा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

माझा स्वतःचा पोरगा मँचेस्टर सिटीवाला आहे. मला नाही आवडत, पैशाची टीम वाटते, पण मी गप्प बसतो. त्याला एवढंच सांगितलंय की हीच सिटी 1998-99 ला इंग्लंडात तिसऱ्या पातळीवर खेळत होती आणि तेव्हा पण लोक मेन रोड नावाच्या जुन्या ग्राउंडवर जात होते, त्या लोकांना विचार सपोर्टर म्हणजे काय. तो म्हणाला बाबा तुम्ही फक्त रडायचंच शिकवता. असो.

लेखात जे यायला पाहिजे होतं आणि आलं नाही ते वेगळंच आहे. माणूस जन्मभर क्लब धरायला तयार असतो हो, पण क्लबनं पण जागेवर राहायला पाहिजे की नको? मुंबईत महिंद्रा युनायटेड होती, 2005-06 ला नॅशनल लीग जिंकलेली टीम, पाच वर्षांत बंद. इथं पुण्यात पुणे एफसी निघाली 2007 ला, 2012-13 ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये दुसरी आली, आणि काही वर्षांत गायब. मग 2014 ला एफसी पुणे सिटी, बालेवाडीला नारंगी जर्सी घालून लोक यायला लागले, पोरं ढोल घेऊन यायची, मी पण पोराला घेऊन गेलोय, 2019 ला ती पण बंद आणि तिची जागा हैदराबादला. गोव्यात तर डेम्पो, साळगावकर ही नावं म्हणजे घरातली नावं, 2016 ला त्यांनी आय-लीग सोडली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलं असेल. बालेवाडीत ज्या पोरानं पहिल्यांदा हरणं बघितलं त्यानं पुढच्या वर्षी कोणाकडं बघायचं? मग तो टीव्ही लावतो, आणि आपण त्यालाच विचारतो की तुला लोकल टीम का नाही रे.

कोलकात्यात बघा. मोहन बागान 1889 ची, 1911 ला जवळपास सगळी टीम अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीच्या टीमला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेली. ईस्ट बंगाल 1920 ची, आणि फाळणीत पूर्वेकडून जे लोक सगळं सोडून आले त्यांना त्या शहरात आपलं म्हणायला ही टीम होती. आजोबा कुठल्या बाजूचे यावर नातवाची टीम ठरते, आमच्या पेठेसारखंच, आणि जिंकल्यावर ईस्ट बंगालच्या घरी हिल्सा, मोहन बागानच्या घरी कोळंबी. 2020 ला मोहन बागानच्या नावापुढं एटीके या दुसऱ्या क्लबचं नाव लावलं, बहुतेक कोणाला वाटलं असेल लोक चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील. लोक बोर्ड घेऊन उभेच राहिले, ट्रॉफी जिंकत असताना पण उभे राहिले, आणि 2023 ला ते नाव काढावं लागलं. लंडनच्या विम्बल्डनचं तर याहून भारी, 1988 ला लिव्हरपूलला हरवून एफए कप नेलेला हा क्लब, मालकांना तो उचलून नव्वद किलोमीटरवर मिल्टन कीन्सला न्यायला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तर सपोर्टर लोकांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, उघड्या माळावर ट्रायल घेऊन पोरं निवडली, नवव्या पातळीपासून सुरुवात केली, 2011 ला फुटबॉल लीगमध्ये आणि 2020 ला परत प्लाऊ लेनवर, जुन्या ग्राउंडच्या बाजूला. क्लब त्यांचाच आहे आज पण.

कोल्हापुरात सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही, तुमच्याच पेपरात दगडफेकीच्या बातम्या येतात आणि त्या खोट्या नसतात. आता पैसा आलाय, नायजेरियाचे, गोव्याचे, बंगालचे खेळाडू आणतात, पेठेतला पोरगा बेंचवर बसतो, जुनी माणसं यावरून कुरकुरतात आणि मला त्यांचं पटतं. आणखी एक, बायका. माझ्या बहिणीला अख्ख्या लीगचे गोलकीपर पाठ, पण लहानपणी तिला कोणी स्टेडियमला नेलं नाही, शिव्या असतात म्हणून. शिव्या बंद करायच्या सोडून पोरींना घरी बसवलं आपण. पण काही झालं तरी शिवाजी पेठ उचलून कोणी हैदराबादला नेऊ शकत नाही, आणि म्हणूनच तिथल्या पोराला खात्री असते की पुढच्या सीझनला पण आपली टीम उतरणार. अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, कोल्हापूरचाच, आकाशातनं पडला नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच आहे. प्रीमियर लीगला अर्धं पान देता ते द्या, माझ्या पोराची तक्रार नको. पण केएसए लीगचं वेळापत्रक आणि निकाल पुणे-मुंबईच्या आवृत्तीत पण चार ओळी का होईना छापत जा, इथं पेठांतली माणसं भरपूर आहेत, दिलबहारवाली तर आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरं आहेत. आणि 'समर्थकांत राडा' असं हेडिंग देऊन तीन कॉलम बातमी करता तेव्हा त्यात मॅचचा स्कोअर तेवढा टाकायला सांगा वार्ताहराला, मागच्या वेळी पूर्ण बातमी दोनदा वाचली आणि शेवटी मामाला फोन करून विचारावं लागलं कोण जिंकलं ते.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ शिवाजी पेठ, कोल्हापूर. सध्या पुणे)