वाय-फायवर नवं यंत्र जोडण्याआधी सांगा

सभासदहो, राजारामपुरीतल्या आपल्या सामायिक ऑफिसात सोमवारपासून 'आर्पवॉच' हा नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्राम चालू आहे. कुठल्या आयपी पत्त्यावर कुठलं मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक, ही जोडी तो टिपतो. ती बदलली की मला मेल येतो. तुम्ही काय बघता ते त्याला कळत नाही, निवांत राहा.

एकच आयपी दोन मॅकमध्ये हेलकावे खाऊ लागला तर बहुधा कुणीतरी हाताने पत्ता टाकलेला असतो, नाहीतर कुणी राउटरचं सोंग घेतलेलं असतं. आयपीवरून मॅक शोधायची जी १९८२ ची पद्धत आहे, त्या एआरपीत खरं-खोटं तपासायची सोयच नाही.

अँड्रॉइड १० पासूनचे फोन खरा मॅक लपवून भलताच दाखवतात. आपल्या वाय-फायपुरतं ते सेटिंग बंद करा. काल रात्रभर त्याच मेलांनी झोप उडवली की ओ! नवा प्रिंटर आणलात तरी आधी कळवा.